वारा लागेल!

आपल्या बोलण्यात हवेला फार मोठे स्थान आहे. तब्येत बिघडली की 'हवा मानवली नाही', सुधारायची असली की 'हवापालट'. बाळंतिणीला 'वारा लागतो', कुणाच्या अंगात 'वारे येते', आणि शिकायला गेलेल्या मुलाला पुण्याचे 'वारे लागते' ते निराळेच. शेजारच्या कानडी घरात कान देऊन ऐकावे तर तिथेही 'गाळी' म्हणजे वारा आणि 'गाळी' म्हणजेच बाधा. हवेतून काहीतरी येते आणि माणसाला धरते, ही समजूत दोन्ही भाषांत मुरलेली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. फक्त ते 'काहीतरी' कोणत्या बाजूने येते, याविषयीचा आपला अंदाज बहुतेक वेळा उलटा असतो. आपण खिडकी लावून घेतो.

मृग लागला की आमच्या बेळगावातल्या खिडक्या बंद होतात त्या जवळजवळ दसऱ्यापर्यंत. पावसाची रिपरिप, भिंतींना ओल, दोरीवर न वाळलेले कपडे, आणि आतल्या खोलीत शेगडी. या दिवसांत घरात बाळंतीण असली किंवा कुणी खोकत असले तर मग विचारूच नका. म्हणून आज हवेतल्या जिवाणूंविषयी थोडे बोलू या.

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक साधा प्रयोग करायला लावत असे. उथळ काचेच्या तबकडीत अगार आणि जिवाणूंचे खाद्य यांचा थर असतो. अगार म्हणजे आपल्या घरातले चायना ग्रासच. अशी तबकडी वर्गात, व्हरांड्यात, आवारातल्या झाडाखाली, कुठेही पंधरा मिनिटे उघडी ठेवायची, झाकायची आणि दोन दिवस उबेत ठेवून पाहायची. नुसत्या डोळ्यांना काहीच न दिसलेल्या जागी पिवळे, केशरी, गुलाबी, पांढरे ठिपके उगवलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे हवेतून पडलेल्या एखाद्या जिवाणूची, किंवा एका कणावरून आलेल्या चारदोन जिवाणूंची, वाढलेली वसाहत. मुलांचे डोळे विस्फारत ते मात्र एका तबकडीकडे पाहून. शिपाई वर्ग झाडून काढत असताना उघडलेल्या त्या तबकडीवर ठिपके मोजता येत नसत!

जमिनीवरच्या एक घनमीटर हवेत साधारणपणे दहा हजारांपासून एक लाखापर्यंत जिवाणू असतात. मोठे माणूस दिवसाकाठी दहाएक घनमीटर हवा आत घेते. गुणाकार ज्याचा त्याने करावा. घाबरण्याचे कारण नाही, कारण यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि पुष्कळसे मेलेले असतात. हवा हे जिवाणूचे घर नव्हे. तिथे त्याला खायला जवळजवळ नाही, पाणी नाही, वर ऊन. तो तिथे प्रवासी असतो, आणि आपल्या एसटीच्या प्रवाशासारखाच कुठून चढला, किती वेळ तग धरला आणि कुठे उतरला यावर त्याचे सगळे अवलंबून असते.

हवा सगळीकडे सारखी नसते हे पहिल्यांदा पद्धतशीर दाखवले ते लुई पाश्चरने. १८६० साली त्याने यीस्टचे पाणी उकळून काचेच्या फुग्यांत बंद केले आणि ते फुगे घेऊन तो फ्रान्सभर हिंडला. फुग्याची नळी मोडायची, तिथली हवा आत शिरू द्यायची, पुन्हा ज्योतीवर नळी बंद करायची आणि पाणी नासते का ते पाहायचे. जुरा डोंगराच्या पायथ्याशी उघडलेल्या वीस फुग्यांपैकी आठ नासले. साडेआठशे मीटर उंचीवर वीसपैकी पाच. आणि आल्प्समध्ये दोन हजार मीटरवरच्या बर्फाच्या नदीपाशी वीसपैकी एक. पॅरिसच्या वेधशाळेच्या अंगणात उघडलेले अकराच्या अकरा नासले होते, पण तिच्याच तळघरातल्या अगदी स्थिर हवेत दहापैकी एकच. तळघरात धूळ उडत नव्हती, कारण तिथे फारसे कुणी फिरकतच नसे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

जिवाणू हवेत चढतात तरी कसे? समुद्राच्या लाटा फुटताना, शेत नांगरताना, पानांवरून वारा जाताना, आणि पावसामुळेसुद्धा. पाऊस हवा धुतो हे खरेच. पण सुरुवातीला तो उलटेही करतो. वळवाचे पहिले टपोरे थेंब आपल्या तांबड्या मातीवर आपटले की जो वास सुटतो, तो बराचसा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. थेंब आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार उडतात. या तुषारांबरोबर मातीतले जिवंत जिवाणूही वर फेकले जातात, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. कवींना हा तपशील कदाचित रुचणार नाही.

म्हणजे हवेत कोण असणार हे ऋतू ठरवतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या दोन शहरांतली हवा सतरा आठवडे गाळून तिच्यातल्या जिवाणूंची जनुकीय ओळख पटवली गेली. ते काम २००७ साली प्रसिद्ध झाले. अठराशेहून अधिक प्रकार सापडले. आणि कोणत्या गावची हवा यापेक्षा कोणत्या आठवड्याची हवा, तेव्हा हवामान कसे होते, याचाच फरक जास्त पडलेला दिसला. पंचांगात हवेचेही एखादे पान असायला हरकत नाही.

आता चढलेल्या प्रवाशांपैकी टिकतात कोण? पहिला घाव कोरडेपणाचा. तुषारातले पाणी क्षणार्धात उडून जाते आणि जिवाणू उघडा पडतो. आतड्यात राहणारे ई. कोलायसारखे नाजूक सालीचे जिवाणू तिथेच खचतात. आपल्या त्वचेवरचे जाड सालीचे जिवाणू जास्त टिकतात, आणि काही बॅसिलस तर बीजाणू होऊन, म्हणजे दार लावून झोपल्यासारखे, वर्षानुवर्षे राहतात. दुसरा घाव उन्हाचा. डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रजांनी १८७७ मध्ये जिवाणूंचे खाद्य भरलेल्या नळ्या उन्हात ठेवल्या, काही उघड्या आणि काही झाकून. उन्हातले पाणी निवळ राहिले, झाकलेले गढूळ झाले. तबकडीवरचे ते पिवळे-केशरी ठिपके आठवतात? तो रंग बहुधा गाजराच्या रंगाच्या जातकुळीतला असतो, आणि उन्हाने पेशीत होणारी मोडतोड तो कमी करतो. हवेतल्या वसाहती इतक्या रंगीत का, याचे एक उत्तर ते आहे. बिनरंगी भाईबंद वाटेतच कमी झालेले असतात.

तिसरा घाव फार मजेदार रीतीने सापडला. इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन येथे लष्कराची प्रयोगशाळा आहे. रोगजंतूंचे अस्त्र केले तर ते हवेत किती वेळ जिवंत राहील, हा तिथला प्रश्न. (हेतू चांगला नव्हता, पण प्रश्न चांगला होता.) आता हवेत तरंगणारा जिवाणू मोकळ्या मैदानात तासभर नजरेखाली ठेवायचा कसा? तिथल्या ड्रुएट आणि मे यांनी कोळ्याला कामाला लावले. कोळ्याचा धागा एका लहान चौकटीवर गुंडाळून घेतला आणि त्यावर ई. कोलाय जिवाणूंचे तुषार बसवले. धागा इतका बारीक की जिवाणू जवळजवळ अधांतरीच! अशा चौकटी त्यांनी रात्री बाहेर ठेवल्या, आणि तशाच काही बंद पेटीत. रात्रीची वेळ, म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही. तरीही बाहेरचे जिवाणू पेटीतल्यांपेक्षा कितीतरी लवकर मेले. गंमत म्हणजे तीच बाहेरची हवा पेटीत कोंडली की थोड्याच वेळात तिचा हा गुण नाहीसा होई. १९६८ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्या अनाम गुणाला 'मोकळ्या हवेचा घटक' असे नाव पडले. पुढच्या कामातून दिसले ते असे की हवेतला ओझोन आणि वाहनांच्या धुरातून किंवा झाडांपासून येणाऱ्या काही वाफा यांच्या संयोगाने अल्पजीवी द्रव्ये बनतात. ती जंतूंना मारतात आणि भिंतींना लागली की संपतात. म्हणजे मोकळी हवा कोंडली की ती मोकळी हवा राहत नाही, असे शब्दशः म्हणता येते. आजीला हे कोळ्याशिवायच ठाऊक होते असे कुणी म्हणेल. पण आजीच शेगडी पेटवून दार लावून घ्यायला सांगत होती, हेही विसरू नये.

या तीन घावांतून वर, आणखी वर गेलेले जिवाणू कसे असतील? याचा शोध आपल्या माणसांनी घेतला आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून, एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याखाली निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून लटकवल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्या नळ्या उघडल्या आणि तिथली विरळ हवा गारठून आत गोळा झाली. इस्रोच्या या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक होते कोल्हापुरात जन्मलेले आणि आपल्या भाषेत विज्ञानकथा लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे म्हणणे होते की जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असावे. नारळीकरांनी त्यावर वाद घालत न बसता वर जाऊन पाहण्याचा मार्ग धरला. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा आमच्याकडे आठवण निघाली ती बहुतेक कथांची. या फुग्याची फारशी कुणी काढली नाही.

नळ्यांतून जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस अशा दोन संस्थांनी जिवाणूंची तपासणी केली. नऊ जिवाणू पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी मिळतेजुळते निघाले. तीन नव्या जाती म्हणून २००९ साली जाहीर झाल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. तिन्ही आपल्या जमिनीवरच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या होत्या. ते अंतराळातून आले असे सिद्ध झालेले नाही, हे इस्रोने तेव्हाच स्पष्ट सांगितले होते. पुढे तर आर्यभटाच्या नावाचा जिवाणू निरनिराळ्या देशांत पिकांच्या मुळांपाशी, साध्या मातीत सापडू लागला, आणि अधिक तपासाअंती तो मातीतल्या एका जुन्या ओळखीच्या जातीतच मोडतो असे ठरले. काहींना हे ऐकून हिरमोड झाल्यासारखे वाटते. मला उलट वाटते. शेताच्या बांधावरचा जिवाणू चाळीस किलोमीटर उंचीच्या हवेत जाऊ शकतो आणि तिथल्या उन्हाला पुरून उरतो, ही गोष्ट परग्रहावरच्या पाहुण्याइतकीच मोठी आहे.

ढगांतही जिवाणू असतात. पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा एक जिवाणू पाण्याला शून्याखाली दोन अंशांच्या आसपासच गोठायला लावतो. एरवी शुद्ध पाण्याचा थेंब त्याच्या कितीतरी खालीपर्यंत न गोठता राहू शकतो. त्यामुळे थंड ढगांत बर्फाचा कण जमायला असे जिवाणू हातभार लावत असावेत असे मानतात. यावरून आंबोलीचा पाऊस जिवाणू पाडतात असा निष्कर्ष मात्र काढू नये. तिथे समुद्र आणि घाट दोघे समर्थ आहेत.

आता घरात येऊ. बाहेरच्या हवेतले जिवाणू माती, पाने, पाणी यांचे असतात. बंद खोलीतल्या हवेत मुख्य भरणा आपला स्वतःचा असतो. आपल्या त्वचेचे पापुद्रे, अंथरूण झटकताना उडालेली धूळ, बोलताना, खोकताना उडालेले तुषार. पाश्चरच्या तळघरात माणसे नव्हती म्हणून ती हवा स्वच्छ होती. आपल्या आतल्या खोलीत सात माणसे असतात. आणि तिथे ऊन नाही, मोकळ्या हवेचा तो घटक नाही, पावसाळ्यात धड कोरडेपणाही नाही. प्रवाशाला मारणारे सगळे आपण बाहेर ठेवलेले असतात आणि प्रवासी आत. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी घरातली धूळ लहान नमुना-खोल्यांत ठेवून पाहिली. अंधाऱ्या खोलीतल्या धुळीत सरासरी १२ टक्के जिवाणू जिवंत राहिले. काचेतून उजेड येणाऱ्या खोलीत सुमारे ७ टक्के. हे २०१८ सालचे काम. नुसता पडदा सारला तरी एवढा फरक.

हे सगळे जिथे जिवावर येते ते क्षयाच्या बाबतीत. क्षयाचा जंतू मेणचट सालीचा, त्यामुळे कोरडेपणाला तो सहज बधत नाही. खोकल्यातला थेंब सुकला की त्याचा एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण उरतो आणि तो तरंगत राहतो. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो. खोकणारा माणूस उठून गेला तरी त्याचा खोकला खोलीत बसलेला असतो! अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात वेल्स आणि रायली यांनी १९५० नंतरच्या दशकात क्षयाच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावर नेली आणि ती गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. गिनीपिगांनी रुग्ण पाहिलेही नव्हते. नुसत्या हवेने त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील दिव्यांखालून नेली तेव्हा झाला नाही. आणि ज्या रुग्णांना योग्य औषधे सुरू झाली होती त्यांच्याकडून लागण फारच कमी झाली.

पेरू देशाच्या राजधानीत, लिमा येथे, रुग्णालयांच्या खोल्यांतली हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत ती तासाला १२ वेळा बदलत होती. नुसती दारे-खिडक्या उघडल्यावर २८ वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तर ४० वेळा. त्यांनी हिशेब मांडला तो असा: औषध न घेतलेल्या रुग्णांबरोबर चोवीस तास काढणाऱ्या माणसाला लागण होण्याचा धोका यंत्राच्या खोलीत ३९ टक्के, त्या जुन्या इमारतीत ११ टक्के.

आता आपल्याकडचे. जुन्या घरात सोपा असतो, माजघर असते, मागे परसू. यांतली सगळ्यांत अंधारी आणि कोंदट जागा माजघर किंवा त्यालगतची खोली, आणि बाळंतिणीची खाट तिथेच पडते. खोकणारे आजोबाही 'बाहेर गार लागते' म्हणून तिथेच येऊन बसतात. याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे तो लपवण्याचा. घरात टीबी आहे हे कळले तर मुलीची सोयरीक मोडेल, म्हणून आजारी माणसाला आतल्या खोलीत ठेवायचे आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायचे. त्या दाराआड त्याला पेज नेऊन देणारी असते ती बहुतेक वेळा तीच मुलगी. बाहेर सोप्यावर बसलेल्या पाहुण्यांना धोका जवळजवळ नसतो.

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर कफ तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि टीबी निघाला तर औषधेही फुकट मिळतात. तपासणीचे कळेपर्यंत त्या माणसाची खाट सोप्यावर किंवा उजेडाच्या खोलीत हलवावी, खोकताना तोंडावर कापड असावे, आणि बाळाच्या खोलीत त्याने जाऊ नये, मग तो कितीही लाडका आजोबा असो. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असतील तर दोन्ही थोड्या उघडाव्यात, एकच असेल तर दारही. झाडताना आधी ओले फडके फिरवावे. बाळंतिणीच्या कानातला कापूस राहू द्यावा, त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते शेगडीच्या धुराने आणि बंद दाराने.

गार वारा आत येईल, हे खरे. तेवढ्यासाठी अंगावर एक घोंगडे जास्त घालावे.